पाचोडची लाईन

“ताई, तुमाला दिसतं ना?”

रंगनाथकाका सोनवणे माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे वाक्य. पडेगावच्या कॉलनीत मी नुकतीच राहायला आले होते. आई गेल्यावर शहरातलं भाड्याचं घर सोडून दौलताबाद रस्त्याला दोन खोल्यांचं रो-हाऊस घेतलं होतं, आणि सामानाचे खोके अजून भिंतीशी तसेच उभे होते. संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर हातात पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ. मी आधी काठीकडे पाहिलं. मग म्हटलं, “हो, दिसतं की.”

“मग जरा शेजारी येता का? माझं मशीन मेलंय का नुसतं गप बसलंय, एवढं बघून सांगा. मला कळंना झालंय.”

मी त्यांच्या मागोमाग गेले. घरात पूर्ण काळोख. मी दाराशीच अडखळले तसे काका थांबले. “अरे हां, तुमाला उजेड लागंल. बटन उजव्या अंगाला हाय. पण दिवा लागतो का नाय, ठाऊक नाय. लई दिवस कुणी लावला नाय.”

दिवा लागला. लोखंडी कपाट, एक पलंग, आणि खिडकीशी टेबलावर कॉम्प्युटर. त्याच्या पडद्यावर धुळीचा थर होता. रुमालानं पुसला तेव्हा खाली ई-मेलचं पान दिसलं, अर्धवट उघडलेलं. माऊस हलवला, बाण जागचा हलेना. कळा दाबल्या, काहीच नाही.

“हँग झालाय काका.”

“म्हंजे एंगेज. डेड नाय ना?”

“डेड नाही.”

“मंग ठीक,” असं म्हणून ते पलंगावर टेकले. मी बटण दाबून मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळानं त्यातून एक पत्र्यावर घासल्यासारखा आवाज पडद्यावरचे शब्द वाचू लागला. ना धड बाईचा, ना बाप्याचा. मला तो कानाला टोचला. काका मात्र आपलं माणूस घरी परत आल्यासारखे उठले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

मी एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर मुलांची हँग झालेली मशीनं सोडवायची, हाच माझा धंदा. पण डोळ्यांनी पाहणाऱ्याचं मशीन हँग होणं आणि काकांचं होणं, यांत किती फरक आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपल्याला थिजलेला पडदा तरी दिसतो. काकांचा नुसता आवाज बंद व्हायचा. वीज गेली, की स्पीकरची वायर निघाली, की मशीन जळालं, की ते नुसतं विचार करतंय, यातलं काहीच त्यांना ठरवता यायचं नाही. ते डब्यावर तळहात ठेवून आतला पंखा फिरतोय का बघायचे. पंखा फिरत असला तर वाट बघत बसायचे. कधी तासभर, कधी दुपारभर. बघून सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं, सुमनकाकू चार-पाच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. सोयगावला एक पुतण्या होता, तो दिवाळीला येऊन जायचा.

काका मूळचे सोयगावकडचे. घर शेतकऱ्याचं. लहानपणी गोवर निघाला आणि त्यात डोळे गेले. भाऊ शेतीला लागला, यांना वडिलांनी शहरात अंधशाळेत आणून घातलं. तिथून टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घेऊन ते एका सरकारी कचेरीच्या बोर्डावर बसले, ते निवृत्तीपर्यंत. निदान कागदोपत्री तरी. शेवटची काही वर्षं साहेबापासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला, बोर्ड काढून नेला, आणि काकांची खुर्ची कचेरीच्या बोळात सरकवली. “खुर्ची हाय, टेबल हाय, घंटी नाय,” ते सांगायचे. “सकाळी दहाला जायाचं आन् सहाला उठायचं. येणारा-जाणारा म्हनायचा, काय रंगनाथराव, मजा हाय तुमची.” त्याच काळात कचेरीनं त्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या शिक्षणाला धाडलं. कामासाठी त्याचा उपयोग कुणी करून घेतला नाही. तो काकांनी स्वतःच्या पैशांनी घरी आणला.

त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. घरात, दुकानात, माझ्याशी ते सोयगावचं बोलायचे, ‘लई’ आणि ‘व्हय’ आणि ‘कामून’. पण मोबाईल वाजला की पाठ ताठ व्हायची आणि तोंडातून स्वच्छ, घोटलेलं मराठी यायचं: “नमस्कार, बोला, आपल्याला कोण हवंय?” त्या घरात त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतंच. तरी ते विचारायचे. दूधवाला दारात आला तरी आतून ओरडायचे, “होल्ड करा!” समोरून कुणी हिंदीत आलं तर “जनाब, जरा लाईन पे रहिये.” त्यांचा फोन साधा, बटणांचा. काचेचा फोन पुतण्यानं आणून दिला होता, पण साखरेच्या आजारानं बोटांची टोकं बधिर होत चालली होती. काचेवर बोट कुठं टेकलं तेच त्यांना कळत नसे. कॉम्प्युटरच्या कळा मात्र हाताला लागायच्या. “हिला अंग हाय,” ते कीबोर्डावरून हात फिरवत म्हणायचे.

मशीन आठवड्यातून एकदा हँग व्हायचं, मग दोनदा, मग जवळजवळ रोज. कॉलेजमधून येताना मी आधी त्यांच्याकडे डोकवायची सवय लावून घेतली. काका चहा स्वतःच करायचे. कपाच्या काठात बोट अडकवून चहा ओतायचे, बोटाला चटका बसला की कप भरला. मी एकदा म्हटलं, “मी ओतते ना.” तर म्हणाले, “तुमी पडद्याचं बगा. ज्याचं खातं त्यानं सांभाळावं.”

हे सगळं कशासाठी चाललंय, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. काका वर्तमानपत्र ऐकायचे, पुस्तकं ऐकायचे, पण मशीन बंद पडलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा तो त्यासाठी नाही. तो व्हायचा पाचोडसाठी.

पाचोड म्हणजे एक बाई. काकांच्या कचेरीचं पाचोडला एक उपकार्यालय होतं आणि तिथल्या छोट्या बोर्डावर या बाई बसायच्या. पावसाळ्यात रोज सकाळी गावोगावच्या पावसाचे आकडे फोनवरून यायचे आणि काका ते ब्रेलमध्ये टिपून घ्यायचे. ऑपरेटर लोक एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. त्या म्हणायच्या, “औरंगाबाद, पाचोड बोलतेय.” हे म्हणायचे, “बोला पाचोड.” पावसाळा संपला तरी फोन संपले नाहीत. बाई तरुणपणीच विधवा झालेल्या, पदरात एक मुलगा. काकांचं लग्न झालेलं. सुमनकाकूंना हे सगळं माहीत होतं. “ती म्हनायची, तुमच्या पाचोडला पाऊस झाला का इचारा, माझी भाची दिलीय तिकडं,” काका सांगायचे. शहराचं नाव बदललं तरी बाईंच्या तोंडी काका ‘औरंगाबाद’च राहिले. “गावाचं ठीक हाय,” काका हसून म्हणायचे, “माझं कसं बदलायचं आता?”

इतक्या वर्षांत ते दोघं कधी भेटले नव्हते. पाचोड इथून एसटीनं दीड-दोन तासांवर. मी विचारलं तेव्हा काकांना प्रश्नच कळला नाही. “भेटायचं म्हंजे काय ताई? तुमच्यात भेटायचं म्हंजे बघायचं. माझं तर त्यांना रोजच भेटनं व्हतं.”

निवृत्तीनंतर बाईंचे कान हळूहळू गेले. आधी त्या ‘काय? काय?’ करायच्या, मग गप्पांचा धागा सुटायला लागला, मग त्यांनी फोनच बंद केला. त्यांना बोलता येत होतं आणि काकांना ऐकू येत होतं, तेव्हा निदान त्यांनी एका बाजूनं बोलावं, असं मला वाटलं. पण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो ओरडून बोलतो. घरात मुलगा-सून त्यांना सारखं ‘हळू, हळू’ अशी हाताची खूण करायचे. ज्या बाईनं जन्मभर आवाजावर पोट भरलं, तिनं ठरवलं की तो आवाज औरंगाबादला ऐकवायचा नाही. नातवानं मोबाईलवर ई-मेल शिकवला. त्या लिहू लागल्या. इकडे मशीन काकांना ते वाचून दाखवायचं, काका टाइप करून उत्तर द्यायचे, तिकडे बाई ते वाचायच्या. दोघांच्या मध्ये आता एवढंच उरलं होतं, ते धुळीनं भरलेलं मशीन.

“तुम्ही सांगा, मी माझ्या मोबाईलवरून लिहून पाठवते,” मी एकदा म्हटलं.

काकांनी मानच हलवली. “लाईनवर तिसरा माणूस नको ताई. आमी जन्मभर ते पाळलं. जोडून द्यायचं आन् कान काढून घ्यायचा.”

मग ती दुपार आली. शनिवार होता, मी लवकर घरी आले. काकांचं दार उघडं होतं. ते टेबलाशी बसून टाइप करत होते, जोरजोरात, न थांबता. मशीनचा आवाज मात्र नव्हता. माझ्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, “ताई, बरं झालं आलात. जरा मागं पडलंय बोलनं त्याचं. कधी कधी असं करतं आन् मंग एकदम समदं बोलून टाकतं. म्हून मी थांबलो नाय. बगा बरं, आलं का समदं?”

पडद्यावर एक ओळ होती. ‘पाचोड, तुमचं पत्र पोचलं, उत्तराला उशीर’ एवढंच. त्यापुढे कर्सर थिजलेला. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळही सकाळच्याच वेळेवर थांबलं होतं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. काकांनीच ओळखलं. “किती आलं?”

“एक ओळ.”

त्यांनी दोन्ही हात कीबोर्डावरून उचलून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, “त्यांनी इचारलं व्हतं काही. त्याचं उत्तर व्हतं.” ते काय, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी मी नेटानं मूळ कारण शोधायला बसले. मशीन जुनं असलं तरी बिघडलेलं नव्हतं. पडदा वाचणारं सॉफ्टवेअर आपोआप नवं होत गेलं होतं आणि त्याच्या खालची ऑपरेटिंग सिस्टीम कित्येक वर्षांत अपडेटच झाली नव्हती. दोघांचं एकमेकांशी जमेना, म्हणून मशीन मध्येच गोठत होतं. अपडेट केलं की सुटेल, असं मला वाटत होतं, आणि काका अंध लोकांच्या ज्या ई-मेल गटावर होते तिथल्या दोन-चार मित्रांनीही तेच कळवलं.

“अपडेट नाय करायचं,” काका म्हणाले. इतक्या कडक आवाजात मी त्यांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

अपडेट त्यांनीच बंद करून ठेवलं होतं. सुमनकाकू गेल्या त्या वर्षी त्यांनी मशीन एका दुकानात दुरुस्तीला दिलं. दुकानदारानं सगळं पुसून नवं टाकलं, मशीन एकदम चकाचक करून घरी आणून ठेवलं आणि गेला. फक्त वाचणारं सॉफ्टवेअर परत टाकायचं राहून गेलं. दुकानदाराला ते काय असतं तेच ठाऊक नव्हतं. काकांनी बटण दाबलं, पंखा फिरला आणि मशीन बोललंच नाही. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, अहो चालू तर आहे, पडदा बघा ना. “मुका करून आणला व्हता त्याला,” काका म्हणाले. “सुमन जाऊन महिना झाला नव्हता. घरात ती बोलंना आन् हे बी बोलंना. पुतण्या येईस्तोवर मी नुसता बसून व्हतो.”

मी म्हटलं, “मी दिवसभर इथंच बसेन. मशीन बोलल्याशिवाय घरी जाणार नाही.”

ते लगेच हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दार वाजलं. “या,” काका म्हणाले, “उपमा केलाय. जेवायच्या आधी सुरू करू.”

तो रविवार मला अजून आठवतो. आधी मी त्यांची सगळी पत्रं पेन ड्राइव्हवर काढून घेतली, न वाचता. माझ्या घरचा यूपीएस उचलून आणून जोडला. मग अपडेट सुरू केलं, आणि त्याबरोबर आवाज गेला. आता पुढचे कित्येक तास मशीनमध्ये काय चाललंय ते फक्त मलाच दिसणार होतं. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. मी टक्के वाचून दाखवत होते. सुरुवातीला ते दर थोड्या वेळानं विचारायचे, “आता?” मग मीच आपणहून सांगत गेले.

मधल्या शांततेत ते बोलत राहिले. बोर्डावरचे दिवस. कोण साहेब फोन उचलण्याआधी खाकरायचा, कोणाच्या घरी भांडण झालंय ते त्याच्या ‘हॅलो’वरून कसं कळायचं. पाचोड पहिल्यांदा बोर्डावर आल्या तेव्हा त्यांना आकडे नीट सांगता येईनात, भीतीनं आवाज कापत होता. काकांनी म्हटलं, “पाचोड, होल्ड करा, पाणी प्या, मग बोला.” पलीकडून खरंच माठातून पाणी काढल्याचा आवाज आला. “मी ऐकत बसलो,” काका म्हणाले. “इतकं नीट ऐकणारं माणूस मला कुनी भेटलं नव्हतं. मी पाणी प्या म्हनलं आन् प्यायल्या की हो.”

अर्ध्याच्या पुढे गेलं आणि वीज गेली. छताचा पंखा थांबल्याचं काकांना माझ्याआधी कळलं. त्यांनी माझं मनगट धरलं. “गेलं?”

“मशीन चालू आहे. यूपीएसवर आहे.”

यूपीएस जुना, मिनिटामिनिटाला किंचाळायला लागला. मी पडद्याकडे बघत होते आणि काका माझ्याकडे तोंड करून बसले होते, माझ्या श्वासावरून अंदाज घेत असावेत. वीज आली तेव्हा दोघंही हसलो, उगाचच.

दुपार उतरली तेव्हा मशीन बंद झालं, परत सुरू झालं, पडदा काळा राहिला, पुन्हा बंद झालं. मी प्रत्येक गोष्ट सांगत होते. आणि मग एकदम खोलीत एका बाईचा आवाज घुमला, स्पष्ट, गोड, आकाशवाणीवरच्यासारखा: “डेस्कटॉप.”

काका दचकले. “ही कोन?”

नव्या सिस्टीमबरोबर नवा मराठी आवाज आला होता. मला तो फारच आवडला. मी म्हटलं, “किती छान आवाज आहे बघा. आता ऐकायला त्रास नाही.” काका कळांकडे वळले. त्यांनी ई-मेल उघडला. एरवी पाचोडची पत्रं ते कानाला हेडफोन लावून ऐकायचे, पण ती जोडणी अजून व्हायची होती, स्पीकर चालू होता आणि मला ते सुचायच्या आत नव्या आवाजानं पहिलं पत्र वाचायला सुरुवात केली. “औरंगाबाद, पाचोड बोलतेय.”

काकांनी कळ दाबून ते थांबवलं.

“हिच्या तोंडून नको,” ते म्हणाले. “ही दुसरीच बाई हाय.”

“पण काका, जुना आवाज किती खरखरीत होता.”

“व्हय. तो कुनाचाच नव्हता ना. त्याच्यावर मला पाचोडचा आवाज लावून घेता यायचा. हिच्यावर कसा लावू? हिचा हिलाच हाय.”

सेटिंगमध्ये शोधलं, जुना आवाज तिथं होता. मी तो निवडला. पत्र्यावर घासल्यासारखं पुन्हा सुरू झालं. मी उठले तसे काका म्हणाले, “बसा. एक वाक्य ऐकलंच हाय तुमी, आता पुरं ऐका.”

मशीन सारखं गोठायचं, त्यात न ऐकलेली तीन पत्रं साठली होती. पहिल्यात बाजाराचं, नातवाच्या परीक्षेचं. दुसरं लहान. उत्तर आलं नाही, बरे आहात ना, एवढंच. तिसरं मी विसरू शकत नाही. त्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘औरंगाबाद, लाईन लागत नाही. मुलाला सांगून तुम्हाला फोन करवावा असं मनात आलं. पण तो विचारील, हे कोण? मी काय सांगू? तुम्ही माझे कोण, ते मला सांगता येईना म्हणून नाही सांगितलं. तुम्ही नसाल तर मला कळवणारंही कुणी नाही.’

मशीन गप झालं. या वेळी ते हँग झालेलं नव्हतं, पत्र संपलं होतं. काका उठले, खिडकीपाशी गेले, गजांना धरून उभे राहिले. मी यूपीएस उचलला आणि हळूच घरी आले. माझ्या दारातून त्यांच्या कळांचा आवाज ऐकू येत होता. बराच वेळ येत होता.

त्यानंतर मशीन कधीच हँग झालं नाही. आठवडाभर मी रोज विचारलं, मग विचारायचं कारण उरलं नाही. कॉलेजमधून थेट घरी यायला लागले. घर लहान असूनही संध्याकाळी मोठं वाटायचं. एके दिवशी काकांनीच भिंतीवर काठी आपटली. “मशीन चांगलं चाललंय, म्हून काय शेजार बंद? चहा तर मी रोजच करतो.” मग पुन्हा जाऊ लागले. आता दाराशी अडखळायला होत नसे. मी यायच्या सुमारास काका तो आधीच लावून ठेवायचे, माझ्यासाठी.

असं दोनेक वर्षं चाललं. मग पायाची जखम भरेना, साखर उतरेना, मूत्रपिंडांनी हात टेकले. पुतण्यानं शहरात दवाखान्यात दाखल केलं. पुतण्या दिवसा थांबायचा, संध्याकाळी मी जायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकांनी मला जवळ बोलावलं. “ताई, तुमच्या मोबाईलवरून एक पत्र लिवा. पाचोडला.”

“लाईनवर तिसरा माणूस चालेल का?” मी विचारलं, त्यांना हसवायला.

“आता चालंल,” ते म्हणाले. “लिवा, औरंगाबाद दवाखान्यात हाय. मशीनपाशी नाय. काळजी करू नका. खाली तुमचा नंबर लिवा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथंच असताना माझा फोन वाजला. उचलला तर पलीकडून इतका मोठा आवाज आला की शेजारच्या खाटेवरचा पेशंट वळून बघायला लागला. “मी पाचोडहून बोलतेय! मला ऐकू येत नाही! नातू म्हणाला, उचलला की फोनवर सेकंद मोजायला लागतात! ते लागलेत! औरंगाबादच्या कानाला लावा!”

मी फोन काकांच्या कानाला लावला. बाई काय काय बोलल्या ते वॉर्डभर ऐकू गेलं. पावसाचं, पोट दुखतं का, जेवण कसं आहे, रात्री झोप लागते का. कशाचंच उत्तर त्यांना ऐकू येणार नव्हतं आणि काकांनीही द्यायचा प्रयत्न केला नाही. डोळे मिटून ते ऐकत होते. फोन बंद झाल्यावर मी विचारलं, “आवाज फारच बदललाय का हो?”

“नाय,” काका म्हणाले. “तोच हाय. जरा मोठा झालाय, एवढंच.”

त्या आठवड्यातच काका गेले. पुतण्यानं सोयगावला नेलं. मी बाईंना कळवलं. दोन ओळी लिहायला मला संपूर्ण सकाळ लागली.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी उचलला. या वेळी त्या फार मोठ्यानं बोलत नव्हत्या, किंवा मला तसं वाटलं. “ताई, तुम्ही बोलू नका, मला ऐकू येणार नाही. एक काम आहे तुमच्याकडं. त्यांना मी कधी बघितलं नाही. त्यांना दिसत नव्हतं, पण मला तर दिसत होतं ना? मी यायला पाहिजे होतं. कुणी काय म्हणेल म्हणून आले नाही. आता फोटो नका पाठवू. फोटो घरात कुणी बघील, विचारील. आमचं सगळं बोलण्यातच झालं, हेही तसंच होऊ द्या. ते दिसायला कसे होते, ते मला लिहून कळवा.”

मी फोन कानाला तसाच धरून उभी होते. त्या बोलायच्या थांबल्या, तरी सेकंद पुढे जात होते. मग त्यांनीच ठेवला.

लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की रोज बघूनही काकांचा चेहरा मी मनात कधी शब्दांत मांडला नव्हता. आठवून आठवून लिहिलं. रंग सावळा. अंगानं किरकोळ, उंची बेताची, माझ्या खांद्याला जेमतेम खांदा लागेल एवढी. कपाळ मोठं. केस शेवटपर्यंत दाट, पांढरे, तेल लावून मागे बसवलेले. डोळे अर्धवट मिटलेले, उजव्यावर पांढरट पडदा. डावा कान किंचित चपटा, रिसीव्हर तिथं धरून धरून. ऐकताना मान त्या बाजूला कलायची. हसताना आधी भुवया वर जायच्या आणि मग हसू यायचं. शर्ट नेहमी पांढरा, गळ्याचं बटण लावलेलं. तुमचं नाव निघालं की ते नीट करायचे.

पाठवलं. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या बाहेर रिक्षाची वाट बघत होते, तेव्हा उत्तर आलं. एकच ओळ होती.

‘मला वाटायचं, ते उंच असतील.’